कारणाचा रकाना

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकट्या,

तुला, वहिनीला आणि टिल्लूला अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? लाँड्रीच्या मालकाला सांगून इस्त्रीचं टेबल जरा उंच करून घे, असं दहा वेळा बजावलं, पण तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इकडे दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना भिंतीवरचे सगळे डाग दिसतात आणि ते मला पुसायला लावतात.

वहिनीने विणलेला स्वेटर मिळाला. सोबतची चिठ्ठीही. ‘ताई पोलीस ठाण्यात आहे म्हणून टिल्लू घरी आला.’ स्वेटर अजून घडीतच आहे. हात लावायचा धीर होत नाही. का होत नाही ते लिहायला बसले आणि मोतीबिंदूवर घसरले.

टिल्लूला जामीन वकीलबाईंनी मिळवून दिला, मी नाही. मी त्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेले, नेहमीसारखा डबा खाल्ला. एवढंच केलं.

माझं काम तुला वरवर माहीत आहे. रस्त्यात कुणाला थांबवून झडती घेतली, की शिपाई एक छापील स्लिप भरतो. नाव, वय, राहणार कुठे, आणि कशासाठी थांबवलं ते कारण. त्या सगळ्या स्लिपा माझ्या टेबलावर येतात. मी त्या फायलीला लावते आणि दर महिन्याला बेरीज करून वर पाठवते. एकोणीस वर्षं करते आहे. त्यामुळे मला जे माहीत आहे ते मोठ्या साहेबांनाही नसेल. टेकडीवरच्या बंगल्यांतून ठाण्यात फोन येतात. मांजर हरवलं, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, फाटकाशी कुणी अनोळखी उभं आहे. शिपाई जातात, ‘बसा मॅडम, घाबरू नका’ म्हणतात, चहा पिऊन येतात. नाल्यापलीकडे आपल्या वस्तीतून फोन जवळजवळ येतच नाहीत. तिथे पोलीस न बोलावता जातात. मागच्या वर्षी टेकडीवरच्या एकतीस स्लिपा होत्या. आपल्या वस्तीच्या बाराशेच्या वर, आणि त्यातली बहुतेक पोरं पंचविशी-तिशीच्या आतली. सापडलं काय, तर काही नाही.

ठाण्यातल्या लोकांना माझं माहेर कुठलं ते ठाऊक नाही. लग्नाने आडनाव बदललं, बोलणं मी स्वतः बदललं. आपल्या आडनावावरून हवालदार विनोद करतात. त्यातल्या एका विनोदाला मी हसले आहे, धाकट्या. तोंडदेखलं नाही, चांगली खळखळून.

आता मुद्द्याचं लिहिते.

शिपाई कारणाचा रकाना कोराच ठेवायचे. सहा वर्षांपूर्वी वरून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. रकाना रिकामा, पूर्ण करून पाठवा. महिन्यापूर्वी कुणाला का थांबवलं हे कोण सांगणार? हवालदार म्हणाले, “बाई, लिहा की काहीतरी. तुमचं अक्षर चांगलं आहे.” आठवडाभर लिहून माझा हात भरून आला. मग मी हुशारी केली. कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरी शिक्का करून आणला. ‘हालचाल संशयास्पद.’ कोरा रकाना दिसला की ठप्पा. स्लिप परत येणं बंद झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मी तुला फोन करून सांगितलंही होतं. कशाबद्दल ते सांगितलं नव्हतं.

टिल्लूची पहिली स्लिप आली तेव्हा मला वाटलं, त्याच आडनावाचा दुसरा कुणी असेल. मग पत्ता वाचला. वय चोवीस, प्लंबर, पिशवीत पाने आणि पाइपाचे तुकडे. कारण कोरं. मी आजूबाजूला पाहिलं आणि ठप्पा मारला. दुसरी आली, तिसरी आली. दोन वर्षांत अकरा. प्रत्येक वेळी तो कामावरून घरी चालला होता, हे मला माहीत होतं. एकदा तर तो माझ्याच घरचा नळ दुरुस्त करून निघाला होता. “आत्या, उशीर झाला, आता नाक्यावर पुन्हा पिशवी रिकामी करायला लावतील,” असं हसत म्हणाला, आणि मी म्हटलं, “मग लवकर निघावं माणसाने.” तिसऱ्या दिवशी ती स्लिप माझ्या टेबलावर होती.

बाराव्या वेळी त्याने पिशवीचा पट्टा सोडला नाही. शिपायांनी त्याचा हात पिरगाळला, मनगट दोन ठिकाणी मोडलं, आणि गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला. सरकारी कामात अडथळा. पुढचं तुझ्या घरात रोज दिसतं. पोराला उजव्या हाताने पेला धरता येत नाही, पाना कुठला धरणार?

तुला अजून जे कळलेलं नाही ते हे. सरकारी वकिलांनी त्या अकरा स्लिपा कोर्टात दिल्या आहेत. ‘आरोपी अकरा वेळा संशयास्पद हालचाल करताना आढळला आहे.’ म्हणजे सराईत. वकीलबाई मला म्हणाल्या, “यावरच त्याला तुरुंगात पाठवतील. अकरा वेगळ्या शिपायांच्या स्लिपांवर एकच शिक्का, हे मला पटत नाही, पण कारण मागाहून घातलं हे सिद्ध कसं करू?” मी त्यांना नमस्कार करून उठले. घरी आले. तिसऱ्या दिवशी परत गेले आणि सगळं सांगितलं.

सोमवारी मी साक्ष देणार आहे. रकाना कोरा होता, कारण कुणीच दिलं नव्हतं, ते मी घातलं. नोकरी जाईल हे नक्की. माझ्यावर गुन्हाही होऊ शकतो, असं वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी तुझ्या पोराला स्वतःच्या हाताने चोर ठरवलं. अकरा वेळा थांबायची संधी होती. मला भीती वाटली की कुणी विचारेल, ‘बाई, हा तुमचा कोण?’ बाकी काही कारण नव्हतं.

हे तू टिल्लूला वाचून दाखव. मी समोर येऊन सांगायला हवं होतं. परवा तुमच्या दारापर्यंत आलेही होते. आतून त्याचा आवाज आला. वहिनीला डाव्या हाताने शर्टाची बटणं लावून दाखवत होता, आणि दोघं हसत होती. मी तशीच मागे फिरले.

कोर्टात शपथेनंतर आधी नाव विचारतात, मग आरोपीशी नातं. वकीलबाई म्हणतात, नात्यामुळे साक्षीचं वजन कमी होईल, पण लपवून चालणार नाही. नाहीच लपवणार. हवालदार तिथे असतील, साहेब असतील. त्या सगळ्यांसमोर मी आपल्या वडिलांचं आडनाव घेईन आणि सांगेन, हा माझा भाचा. एकोणीस वर्षांत जे एकदाही म्हटलं नाही, ते म्हणेन. त्या वेळी टिल्लूने मान फिरवली तर त्याला काही बोलू नकोस. त्याचा तो हक्क आहे.

तुझी, तू अजून म्हणू देत असशील तर,
ताई