वाढ्यानं तोंड कापलं

१९ ऑगस्ट
ढग आले, आष्टीकडं सरकले. रोजचंच झालंय.
दुष्काळी चारा-छावणीत फेरी. पश्चिमेच्या दावणीला दोन-तीन बैल लाळ गाळत उभे. तोंड उघडून पाहिलं. जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात फोड. लाळ्या-खुरकूत. व्हेटर्नरी कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं गाढवही सांगेल. लस वेळेवर आली नाही, आणखी काय होणार होतं?
संध्याकाळी चेअरमनकडे गेलो. छावणी त्यांच्या सोसायटीची. रोगाचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, "डॉक्टर, उसाचं वाढं खाऊन तोंड कापलं असंल. कावून उगंच भलतं नाव काढता?" मग चहा. मग हळूच, "तुमच्या पुण्याच्या बदलीचं मंत्रीसाहेबांच्या कानावर घातलंय. पोळ्याला येत्यात हितं."

२० ऑगस्ट
'वाढ्यानं तोंड कापलं' असं लिहून दिलं. वाढ्याच्या पातीला धार असतेच, त्यामुळे अगदीच खोटं नाही. खुरांना काय झालं ते कुणी विचारलं नाही.
तहसीलदारांचा फोन. "सगळं निरोगी ना? छान, छान." त्यांना वर 'रोगराई नाही' कळवायचंय. चेअरमनना सोसायटीची निवडणूक जिंकायचीय. मला पुणे. मुलीची दहावी, बायकोचे, सुनंदाचे रोजचे टोमणे. रोग जाहीर केला तर छावणीला कुलूप, साहेब येणार नाहीत, बदली गेली उडत. तेव्हा जनावरं निरोगी असण्यात तिघांचंही भलं आहे. जनावरांना कोण विचारतो.

२३ ऑगस्ट
वडवणीकडची चांगुणाबाई. नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे गेलाय, ही दोन बैल घेऊन छावणीतच राहते, ताडपत्रीखाली. कोशा नि बाळ्या. सगळ्या छावणीत अशी देखणी जोडी नाही. बिनदुधाचा चहा पाजला.
"मोळ्या वाहून कंबर गेली माजी. म्हून ही जोडी केली, डागदर. जोडी असली की कारखान्यावर गाडी मिळती. न्हाई तर पुन्हा डोक्यावर मोळी."
कोशा माझ्याकडून मान खाजवून घेतो. बाई म्हणते, वळखतो तुमाला. ओळखतो खरा.

२६ ऑगस्ट
आजारी दावण वाढत चाललीय. लाल औषधानं फोड धुतो, मालकांना सांगतो वाढं बारीक कापून घाला. बिचारे दिवसभर विळे घेऊन बसलेत. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "तुमी देव हाव." देवाचीही बदली होत असावी.
पोळा रद्द करा, असं चेअरमनना म्हणालो. म्हणजे म्हणायला सुरुवात केली.
"येडे झालाव काय? निवडनूक हाय ओ डॉक्टर! साहेबाला काय सांगू, बैलाला ताप आलाय म्हून?"
बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

३० ऑगस्ट. पोळा
सगळ्या दावणी सुटल्या. एकाच हौदावर पाणी, एकाच मांडवाखालून मिरवणूक, झुली, बेगड, घुंगरं. यापेक्षा चांगली सोय खुरकुतीला कुणी केली नसती.
सकाळपासून आजारी दावणीत फोड धूत होतो. पाण्याचा टँकर आला नव्हता, हात तसेच. तेवढ्यात चेअरमननी दंडाला धरून ओढलं. "चला, फोटो काढायचाय, साहेब थांबलेत." सगळ्यात देखणा म्हणून कोशापुढं उभं केलं. ताटातली पुरणपोळी उचलली, भरवली. त्याच हातानं. त्यानं बोटं चाटून पुसून घेतली. मग पाया पडलो.
चांगुणाबाईनं डोळ्याला पदर लावला. "डागदरसाहेब पाया पडले माज्या कोशाच्या!"
साहेब जाताना म्हणाले, "पुणे ना? करून टाकू."
फोटो छान आलाय. हात धुवायला हवे होते.

५ सप्टेंबर
कोशा लाळ गाळतोय. मला पाहून मान पुढं केली. खाजवली नाही.

१२ सप्टेंबर
कोशाचं खूर सुटायला आलंय, आत किडे. तीन पायांवर उभा राहतो. मुकादम स्वतः येऊन बघून गेला. "लंगड्या बैलावर गाडी न्हाई. डोक्यावर वाहायची तयारी असंल तर या." बाई कंबरेला हात लावून बसली.
वाढं कापून कापून तिची बोटं फाटलीत. मला विचारते, "मी बारीक न्हाई का हो कापलं? माजंच चुकलं ना?"
म्हणालो, अजून बारीक करत चला.
हलकट आहे मी. लिहून ठेवतो, तेवढंच.

१५ सप्टेंबर
ऑर्डर आली. पुणे. चेअरमननी पेढे वाटले. निवडणूकही त्यांचीच झाली. सुनंदा फोनवर रडली, आनंदानं. उद्या बीडला जाऊन कार्यमुक्तीची सही घ्यायची, की सुटलो.
शेवटची फेरी. बाळ्या अजून ठणठणीत आहे, कसा कोण जाणे. कोशाला खेटून उभा, दोघांचं टोपलं एकच.
चांगुणाबाई वाटच बघत होती. "शेजारीन म्हनती, बाळ्याला लांब बांध. पर कोशाबिगर त्यो तोंड लावत न्हाई कशाला. एक चांगला ऱ्हायला तर भावाकडून त्याला जोड आनता यील, गाडी मिळंल. बांधू का लांब? तुमी म्हनाल तसं."
लांब बांधा म्हटलं की ती विचारणार, कावून? वाढ्यानं कापलेलं तोंड शेजारच्या बैलाला लागत नाही, एवढं तिलाही कळतं. मग रोगाचं नाव सांगावं लागेल. नाव दावणीवरून दावणीवर जाईल, सकाळपर्यंत बीडला. सही व्हायच्या आधी.
सकाळी सांगतो, म्हणालो.
"बरं," म्हणाली. दोघांना एकाच टोपल्यात वाढं टाकलं. बारीक केलेलं.
उद्या बीडची पहिली एसटी धरायचीय. ती छावणीवरूनच जाते. फाटकासमोर थांबा आहे.