आधीच भरलेला रकाना

१९ जुलै

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे ऑफिसात सगळं ठीक. तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही, प्रिंटरचे कागद ठेवतात. नवीन नोकरीचं काही जमलं का, हे विचारायला लिहितोय असं समज.

खरं तर तेवढ्यासाठी नाही.

रुग्णाच्या नावाचा तो रकाना तुला आठवत असेलच. एकदाच जावा भाषेत लिहायचा आणि हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या वीसेक पानांवर जसाच्या तसा लावायचा, ही माझी कल्पना. साहेबांनी कौतुक केलं, टीमलीडर केलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मग त्याच रकान्यात भलत्याच रुग्णाचं नाव यायला लागलं. सगळ्यांच्या मशीनवर नाही, फक्त तुझ्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली. लीडर मी झालो, तू नाही, म्हणून तू माझं काम बिघडवतेस असं मी धरूनच चाललो. मला पाहून तू एखादी खिडकी बंद केलीस की मी वेळ लिहून ठेवायचो. टेस्टरबाईंशी हसलीस तर ते माझ्यावरच. चहाला लवकर उठलीस तरी वाईट, उशिरा उठलीस तरी वाईट.

तू एकदा म्हणालीसही, "दादा, रकाना पानावर लागायच्या आधीच का भरतोस रे? आपण कुठल्या पानावर आहोत हे त्याला तेव्हा कुठं माहीत असतं?"

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो. तू खुर्ची वळवून कामाला लागलीस. त्या कामाला लागण्याचाही मला संशय आला.

काल टेस्टरबाईंनी दोन टॅबमध्ये दोन रुग्ण उघडले आणि तीच चूक त्यांच्या मशीनवर आली. तू नेहमी तसंच काम करायचीस. आम्ही बाकीचे एका वेळी एकच रुग्ण उघडतो. रकाना तयार होतानाच, कन्स्ट्रक्टरमध्ये, मी नाव भरत होतो. तेव्हा त्याला पान ठाऊक नसतं, म्हणून तो शेवटी उघडलेल्या रुग्णाचं नाव उचलायचा. पानावर लागल्यावर फ्रेमवर्क, म्हणजे पानं चालवणारी तयार यंत्रणा, त्याला हाक मारतं, तेव्हा पानालाच विचारून भरायला हवं होतं. चार ओळी हलवल्या, चूक गेली.

मग जुने बदल चाळले. त्याच चार ओळी तू मार्चमध्येच हलवल्या होत्यास. मी त्या न वाचता परत फिरवल्या, आणि साहेबांना तोच बदल पुरावा म्हणून दाखवला.

हो, मीच. साहेबांनी आपणहून चौकशी करून तुला कामावरून काढलं असं तुला वाटतं. तक्रार माझी होती. तू बंद दाराबाहेर बसली होतीस तेव्हा आत मी बोलत होतो. मला त्याची लाज वाटते.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. "झालं ते झालं, आता कशाला उकरता?" असं म्हणाले. मी कागद परत घेतला नाही. तुला बोलावतील की नाही, माहीत नाही. आलीस तर माझ्या हाताखाली येऊ नकोस.

एक काम कर. मी तुझ्यासाठी साहेबांशी भांडलो, असं आईला सांगून ठेवलंय. ती शेजारीपाजारी अजून तेच सांगते. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. फोनवर तीनदा प्रयत्न केला, माझ्याच्यानं झालं नाही.

तुझ्यावर पाळत ठेवणारा,
तुझा सख्खा दादा