खिलेश्वरीची हजेरी

५ जानेवारी
ब्लॉकला मीटिंग. आम्हा गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या ट्रेनर रायमतीदीदी म्हणाल्या, मितानीन म्हणजे नुसत्या गोळ्या वाटणारी बाई नाही. शाळा बुडवणाऱ्या पोरांच्या घरीही जायचं, घरचं दुखणं शोधायचं. मी हात वर केला. म्हटलं, माझ्या पाड्यातली एक केस द्या, महिन्यात सुतासारखी सरळ करते. टाळ्या पडल्या. चहा थंड होता.

६ जानेवारी
केस मिळाली. बुधवारिनची खिलेश्वरी. आठवीत, आमच्या झामिनच्याच वर्गात. गुरुजी म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण वर्गात दिसली तर दिसली. गावात आठवीपुढे शाळा नाही. ब्लॉकच्या वसतिगृहात घेताना शेवटच्या तीन महिन्यांची हजेरी बघतात. ती नसेल तर पोर कायमची घरी. आमच्या झामिनचा प्रश्नच नाही. ती तापातसुद्धा शाळेत जाते. आईचं वळण.

९ जानेवारी, सकाळ
बुधवारिनकडे गेले. मुलींचं शिक्षण, देशाचं भविष्य, सगळं नीट समजावलं. ती धान पाखडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, झालं असेल तर जरा बाजूला सर बाई, कोंडा उडतोय तुझ्यावर. खिलेश्वरी दारात धाकट्या टिकूला कडेवर घेऊन उभी. नवरा दूर वीटभट्टीवर. बुधवारिनला उठता-बसता चक्कर येते. म्हणून पोरगी घरी.
दुखणं सापडलं! अंगात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या. केस संपल्यातच जमा.

१७ जानेवारी
गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणून तिने त्या कोंबडीला घातल्या. कोंबडी एकदम तरतरीत आहे.

२२ जानेवारी
रात्रभर विचार केला आणि सुचलं. बुधवारिनशी गंगाजल बदायचं! देवासमोर गंगेचं पाणी आणि नारळ एकमेकींना दिला की जन्माचं नातं. सख्ख्या बहिणीला नाही म्हणता येतं, गंगाजलला नाही. मग मी म्हणेन, पोरीला शाळेत पाठव. जाते कुठे!
हे म्हणाले, म्हणजे तिलाही तू नाही म्हणायचं नाहीस ना? म्हटलं, तुम्ही बैल बघा.

२ फेब्रुवारी
गंगाजल बदलं. साऱ्या पाड्याला बेसनाची ठेठरी तळून वाटली. आता जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, गंगाजलच म्हणायचं. लिहायचं की नाही ते पूजा सांगणाऱ्या बैगाबाबांनाही माहीत नव्हतं. न लिहिलेलं बरं.

३ फेब्रुवारी
सकाळीच गेले. सीताराम गंगाजल, म्हटलं, पोरीला शाळेत पाठव. ती लगेच म्हणाली, पाठवते की, तुझा शब्द कसा मोडू? मग टिकूला माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाली, तू आहेस म्हणून बरं गंगाजल, मला तर उभं राहवत नाही.
खिलेश्वरी दप्तर घेऊन पळत गेली. पूर्ण विजय.

१० फेब्रुवारी
टिकूला घेऊन घरभेटी. त्याने थर्मामीटर चावला. जुलाबाची पाकिटं फोडून चाटली. एका बाळंतिणीने विचारलं, या वयात पुन्हा का? दुपारी झामिनने जरा वेळ धरलं. तिची शाळा बुडली, पण एकच दिवस. गुणाची पोर, कुरकुर नाही.

२४ फेब्रुवारी
ब्लॉकला मीटिंग. खिलेश्वरी रोज शाळेत! दीदींनी मला उभं केलं. मी भाषण दिलं: लोकांच्या चालीरीतीतूनच मार्ग निघतो. बाकीच्या जणी लिहून घेत होत्या. टिकू घरी झामिनजवळ. मीटिंगला पोर कसं न्यायचं?

८ मार्च
गंगाजलला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई माझ्यावरच ओरडल्या, इतके दिवस काय करत होतात? रक्त फारच कमी. औषध दिलं, वर सक्त सांगितलं की कष्टाचं काम नको, पोर उचलायचं नाही. मी म्हटलं, काळजी नको, सगळी व्यवस्था केलेली आहे.

१५ मार्च
मोहफुलं पडायला लागली. गंगाजल म्हणाली, यंदा मला वाकता येत नाही गं, आमच्या झाडाखालची तूच वेच. नाही कसं म्हणणार? पहाटे जाते, उन्हं चढल्यावर येते. चूल, टिकू, सकाळचा बासी भात, सगळं झामिन बघते.
झामिनने विचारलं, आई, उद्या तरी? उद्या नक्की, म्हटलं.

१६ मार्च
उद्या नक्की.

२८ मार्च
गुरुजी घरी आले. म्हणाले, झामिन हल्ली दिसत नाही. मला राग आला. म्हटलं, गुरुजी, शाळा बुडवणाऱ्या पोरांचं काम माझ्याकडे आहे, तुम्ही मला शिकवू नका. ते टिकूकडे बघत राहिले आणि चहा न घेता गेले. विचित्र माणूस.

२९ मार्च
रात्री झोप नाही. ठरवलं. उद्या गंगाजलला स्पष्ट सांगायचं, तुझं पोर तू बघ. नातं नात्याच्या जागी.

३० मार्च
सांगायला गेले. तिने माझे पाय धुतले. भिंतीला धरून उठली आणि स्वतःच्या ताटातली भाजी मला वाढली. म्हणाली, तू नसतीस तर माझी पोर घरातच कुजली असती गंगाजल. रडली. मीही रडले.
परत आले तेव्हा कडेवर टिकू होता आणि हातात तिच्या बकरीची दोरी. ह्यांनी बकरी बांधली.

२ मे
दोघी पास. झामिनला मार्क जास्त. बघितलं? म्हटलं ह्यांना, उगाच काळजी करत होता.

११ जून
वसतिगृहाची निवड झाली. खिलेश्वरीचं नाव आलं. झामिनचं नाही. गुरुजींकडे धावत गेले. म्हटलं, चूक झाली असेल, पुन्हा बघा. ते म्हणाले, चूक नाही बाई, हजेरी कमी पडली. आवाज चढवायचा होता मला. चढला नाही.
झामिन म्हणाली, जाऊ दे आई. तिने असं म्हणायला नको होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१८ जून
खिलेश्वरी गेली. आईच्या गंगाजलला म्हणतात तसं फुलदाई म्हणून माझ्या पाया पडली. झामिनच्या गळ्यात पडून रडली. दीदी खास आल्या होत्या, माझा फोटो काढला. मी हसले. काय करणार?
जीप गेल्यावर गंगाजल टिकूला घेऊन आली. दारातच बसली, धाप लागलेली. म्हणाली, आता तर घरात कोणीच नाही गंगाजल.
मी तोंड उघडलं. त्याआधीच झामिनने हात पुढे केले होते.