मेजरांच्या लाकडी पायाची व्यवस्था

मी, श्रीमती मनुबाई ज्ञानदेव फडतरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे सोनवस्ती, ता. फलटण, जि. सातारा, समजून उमजून आणि कोणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे साथ देत नाहीत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मी जुनी सातवी पास असून मजकूर माझा मीच लिहिला आहे. वकीलसाहेबांनी काही वाक्ये कायद्याला लागत नाहीत म्हणून गाळायला सांगितली. ती मला लागतात म्हणून ठेवली आहेत. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती कै. ज्ञानदेव फडतरे हे सैन्यात नाईक होते. गाव त्यांना मेजर म्हणत असे. आम्हांस दोन अपत्ये. मुलगा धैर्यशील, राहणार विश्रामबाग, सांगली, आणि मुलगी क्रांती, जी माधवनगरला दिली आहे.

२. माझ्या वाट्याची उसाची जमीन धैर्यशीलला मिळावी. विहिरीच्या पाण्याची पाळी माझे धाकटे दीर आप्पासो यांच्याशी जशी चालत आली तशीच त्याने चालवावी. आमचे बोलणे बंद होते तेव्हाही पाणी बंद नव्हते.

३. राहते घर दोघांचे समान. बँकेतील शिल्लक व माझे सोने क्रांतीचे, कारण जमिनीवरचा हक्क तिने भावासाठी आपण होऊन सोडला. पेन्शन माझ्याबरोबर संपेल.

४. यांच्या लाकडी पायावरून वाद होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाऊल पडून यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षच झाले होते. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून ते लाकडी पाय लावून घरी आले. वर मांडीला आवळायचे चामडी पट्टे होते. चालायला ते लवकर शिकले, पण पाय काढताना मी समोर असलेले त्यांना खपत नसे. दार लोटून घ्यायचे, पाय बाजेखाली ठेवायचे आणि वर टॉवेल टाकायचे. केर काढताना मी त्या टॉवेलच्या कडेकडेने केरसुणी फिरवीत असे.

उसाला पाणी देताना चिखलात उभे राहून ते लाकूड फुगले आणि उन्हात वाळून तडकले. कड खरखरीत होऊन उरलेल्या पायाला जखम झाली. ते घरी बसले. पुण्याला जाऊन दुसरा पाय घ्या म्हटले, की भिंतीकडे तोंड करून निजत. कामाचा माणूस असा बाजेवर पडलेला मला बघवेना. फलटणला जोतिबा सुतार दारे-चौकटी करीत. बाजाराच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेले आणि लाकूड कशाचे ते न सांगता तड कशी बुजवायची एवढे विचारले. ते म्हणाले, भुसा आणि सरस भर, काचकागद मार आणि मधमाशीचे मेण चोळ. पाणी आत शिरणार नाही आणि अंगाला लागले तरी टोचणार नाही. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, मेजरना म्हणावं, ओल्यात उभं ऱ्हाऊ नका.

मेण करून मी वाटी घेऊन बाजेपाशी बसले आणि द्या, एवढेच म्हणाले.  मग वाकून त्यांनी टॉवेल बाजूला केला, पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"जड हाय," ते म्हणाले.

"असू द्या," मी म्हणाले.

तेव्हापासून रविवारी सकाळी ते उंबऱ्यावर उघडा पाय उन्हाला धरून बसत आणि मी शेजारी मेण लावीत असे. पोरांची शाळा, विहिरीवरची मोटार, क्रांतीचे स्थळ, आमच्या घरातले सगळे निर्णय तिथे बसून झाले. पुढे हलके, नवे पाय मिळाले. ते त्यांनी वापरले, पण सणावाराला लाकडीच लावीत, आणि रविवार काही चुकला नाही.

ते वारले त्या दिवशी आप्पासोंनी चार माणसांसमोर पाय मागितला. दादा अर्धा जाऊ द्यायचा न्हाई, पायबी सरणावर ठेवायचा, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणाले, "त्यांचा पाय कवाच तिकडं मातीत गेलाय. ह्यो माझ्या हातचा हाय. ह्यो मी देणार न्हाई." बाईमाणसाने तशा वेळी असे बोलणे लोकांना आवडले नाही. आप्पासोंनी भावाचे सगळे केले, तेरावे झाले, आणि त्यानंतर माझ्या घरात त्यांनी पाऊल टाकले नाही.

मधल्या काळात धैर्यशील पाय सांगलीला घेऊन गेला. बैठकीत काचेच्या कपाटात ठेवायचा म्हणून त्याने त्यावर चकचकीत वार्निश मारून घेतले. त्याने मायेनेच केले. पण हाताला लाकूडच लागेना, काच लागायची. मी पाय परत आणला. क्रांती माहेरी राहिली आणि आम्ही दोघींनी ते वार्निश हळूहळू काचकागदाने उतरवले. उतरले तेव्हा ती पाय छातीशी धरून रडली. वडील गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती.

म्हणून हा पाय, पट्ट्यांसह, क्रांतीला मिळावा. धैर्यशील, तुझे वडील तुझे आहेतच. वस्तू तिच्या हाताला कळते, म्हणून तिला देते.

५. क्रांतीने पुढीलप्रमाणे करावे. मेण महाबळेश्वरकडच्या मधवाल्यांकडून आणावे. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ते वितळवावे, थेट जाळावर कधी नाही. चूल विझवून मगच टर्पेंटाइन घालावे. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने, लाकडाच्या रेषा जातील तसे, अगदी पातळ लावावे. जाड लावले की चिकटते आणि धूळ धरते. वाळले की कोरड्या फडक्याने चोळावे. पट्ट्यांना नखाएवढेच पुरे. आता कोणी चालणार नाही, तेव्हा दर रविवारी करायची गरज नाही. तुला आठवेल तेव्हा कर.

६. हा मसुदा वाचून वकीलसाहेब म्हणाले, दिरांना आधी विचारून घ्या, मागे कटकट नको. मी क्रांतीला निरोप देऊन पाठवले. आप्पासो दुसऱ्याच दिवशी आले. बाहेरच उभे होते. आवं भावजी, आत या, म्हटल्यावर आत आले. चहा झाला तरी कोणी विषय काढेना. शेवटी मीच पाय आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पोटरीवरून हात फिरवला, तडीची जागा बोटाने चाचपली.

"दादानं मला ह्याला कवाच हात लावू दिला न्हाई, वयनी," ते म्हणाले. "मला वाटलं, सरणापतूर तरी मी न्हेईन."

इतकी वर्षे मी त्यांना हट्टी समजत होते. हे त्यांनी तेव्हाच सांगितले असते तर काय केले असते, मला माहीत नाही. पाय तरीही दिला नसता, असे वाटते. पण स्मशानापर्यंत त्यांच्या हातात दिला असता आणि परत घेतला असता. मी मेणाची डबी उघडून पुढे सारली. त्यांनी फारच जाड लावले. मी ते तसेच राहू दिले.

भावाची एखादी वस्तू तुमच्या नावे लिहिते, काय हवे ते सांगा, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "काय बी नगं. ज्याला मिळतं त्याची साक्ष घेत न्हाईत म्हणं. मला साक्षीला घ्या."

म्हणून आप्पासोंच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही.

७. या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावण्याचे काम धैर्यशीलने करावे. वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही करत आहे.

ठिकाण: फलटण
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) मनुबाई ज्ञानदेव फडतरे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. उमा शेंडे, फलटण. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना मी आज तपासले आहे.

२. (सही) आप्पासो बाबुराव फडतरे, सोनवस्ती. वयनीनं माझ्यासमोर सही केली. लिवलंय ते खरं हाय. पायाबद्दल माझी तक्रार न्हाई.