पुलाच्या मध्यावरचं बेट

दम्माम, शुक्रवार, दुपारचं जेवण उरकल्यावर

प्रिय उमाकांत यास,

नसरुद्दीन होडेकराचा सलाम आणि रामराम. (दोन्ही पाठवतो आहे. जो आधी पोचेल तो ठेवून घे, दुसरा वहिनींना दे.)

तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात लिहिलं नाहीस. चढताना दुखत असेल तर गुडघा, उतरताना दुखत असेल तर वय, असं आमच्या बोटीवरचा डॉक्टर म्हणायचा. अहिल्यावहिनींची साखर कशी आहे? फणसाच्या दिवसांत त्या डॉक्टरांशी बोलणं सोडतात, ते यंदाही सोडलं असणार. तुमच्या सिद्धार्थची चिपळूणला बदली झाली का? माझी बहीण शरफुन्निसा हिचा मोतीबिंदू काढल्याचं कळलं. आता तिला लांबचं स्वच्छ दिसू लागलं असेल, तर तुम्हा शेजाऱ्यांची मला काळजी वाटते. माझ्या हफीजाची तब्येत विचारण्यासारखी राहिली नाही, पण तिच्या कबरीवरचं रान पावसाआधी काढलंस का, तेवढं कळव. दीड वर्ष झालं, तरी ख्यालीखुशाली विचारायला बसलं की तिच्याशी येऊन हात थांबतो.

आम्ही इकडे मजेत. (पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.) माझा युनुस उजाडायच्या आत कंपनीच्या बसने अबकैकच्या प्लांटवर जातो आणि संध्याकाळी डोळे चोळत येतो. सून तबस्सुम इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या ड्यूट्या तिलाच पाठ नाहीत. नात मेहेक सातवीत आहे, मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते आणि भांडण झालंच तर इंग्रजीत करते, कारण त्यात मी हरतो. मी तिसऱ्या मजल्यावर असतो. खिडकी आहे, पण ती उघडायची नसते, उघडली की आतला गारवा बाहेर आणि बाहेरची भट्टी आत. समुद्र दोन मैलांवर आहे म्हणतात, पण तो गाडीने जाऊन बघायचा समुद्र आहे. चाळीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला समुद्र बघायला कुणाच्या सुट्टीची वाट पाहावी लागावी, यावर तू हसशील. हस. मीही पहिले सहा महिने हसलो.

तर झालं असं, की मेहेकला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. विषय काय, तर भर महासागरातली बेटं आणि युरोपातल्या दर्यावर्दींना त्यांचा झालेला उपयोग. मी म्हटलं, देवाला दया आली. एवढ्या मोठ्या सौदी अरेबियात या विषयातलं कळणारा माणूस नेमका तुझ्याच घरात रिकामा बसलाय. त्यातल्याच एका बेटावर, लास पाल्मासला, आमची बोट तेल भरायला आठ तास लागली होती, तेव्हा मी खलाशांवरचा सारंग होतो. (तिथून हफीजाला आणलेली बाहुली तू पाहिली आहेस, डोळे मिटायची ती. एक डोळा नंतर मिटेना.) बाकीचं मेहेकच्या टॅबवर भिंग लावून वाचलं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला एकदा वाचायची गोडी लागली की तो मास्तरांपेक्षा धोकादायक होतो, हे तुझंच वाक्य, आणि ते माझ्यावरच म्हटलेलं.

मी तिला सांगितलं, बाई, बेटांची नावं कोणीही लिहील, तू वारा लिही. पोर्तुगीज गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली जायची ती वाऱ्याच्या पाठीवर बसून. परतायची वेळ आली की तोच वारा नाकावर. किनाऱ्या-किनाऱ्याने घरी यायला गेलात तर जन्म जाईल. तेव्हा त्या लोकांनी काय केलं, घराकडे पाठ फिरवली आणि पश्चिमेला भर दर्यात घुसले. आठवडेच्या आठवडे घर लांबच जात राहायचं. मग वर अझोर बेटांच्या सुमाराला दुसरा वारा मिळायचा, तो ढकलत ढकलत लिस्बनला आणून सोडायचा. ती बेटं नसती तर पाणी नाही, भाजी नाही, फुटलेल्या फळ्या बदलायला जागा नाही, निम्मी माणसं दात पडून मेली असती. नकाशावर मी स्वतः पेन्सिलने तो मोठा वळसा काढून दिला. मेहेक बघत राहिली आणि म्हणाली, दादाजी, पप्पा भी तो घर जाने के लिए ही इधर आए थे ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाली, तो उनका दूसरावाला वारा कब आएगा? (तो एकच शब्द तिने मराठीत वापरला.) मी तिला रंगपेटी आणायला पाठवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण पुढे सेंट हेलेना आलं, आणि मी वाहवलो. उमा, ही गोष्ट तुला माहीत हवी. गोव्यात एक पोर्तुगीज शिपाई आपल्या माणसांना सोडून विजापूरच्या सैन्यात गेला आणि मुसलमान झाला. पुढे तो आपल्याच लोकांच्या हाती सापडला. त्यांनी जीव घेतला नाही, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला. काही वर्षांनी तो देशी जायला बोटीत बसला. वाटेत पाणी भरायला बोट सेंट हेलेनाला थांबली. तिथे तेव्हा माणूस म्हणून नव्हतं. हा बाबा झाडीत जाऊन लपला. खूप शोधला, मिळाला नाही. शेवटी किनाऱ्यावर बिस्किटं आणि कपडे ठेवून बोट गेली. पुढे दर वर्षी बोटी यायच्या, हा लपायचा, ते बियाणं ठेवून जायचे. त्याने एका हाताने लिंबं लावली, डाळिंबं लावली, एक कोंबडा सोबतीला पाळला, आणि हिंदुस्थानातून परतणाऱ्या खलाशांचे दात त्याच्या लिंबांनी वाचले. त्याला पुढे राजाने बोलावून नेला. त्याने हात जोडून, म्हणजे होता तेवढा जोडून, एकच मागितलं, मला माझ्या बेटावर परत सोडा.

हे सगळं मी सांगितलं आणि मेहेकने चार्टवर लिहिलं, वर चित्रही काढलं. चित्रकला तिची चांगली आहे, हे नडलं. वर्गात तो चार्ट डब्याच्या सुट्टीआधी लावला गेला. दोन मुली जेवल्या नाहीत, एक मुलगा जेवला पण त्याने ते ठेवलं नाही. सानिका मॅडमनी तबस्सुमला बोलावून विचारलं, घरी मुलीला काही भीतिदायक बघायला देता का? तबस्सुमने घरी येऊन माझ्या चहात साखर जास्त घातली. आपली सून चिडली की गोड होते, हे मला कळायला वर्ष लागलं.

आता बेटाचा दुसरा भाग सांगतो, तो चार्टवर नाही.

मी इथे भेटीच्या व्हिसावर आहे. दर तीन महिन्यांनी देशाबाहेर पाय लावून यावं लागतं. त्यासाठी इथले सगळे जण आपापले म्हातारे गाडीत घालून बहारीनच्या पुलावर नेतात. पलीकडे जायचं, बिर्याणी खायची, परत यायचं, पुढचे तीन महिने मिळाले. पाच वेळा मी हे केलं. आमच्या मजल्यावर तर आजच्या बिर्याणीपेक्षा मागच्या वेळची बरी होती, एवढ्यावरच म्हाताऱ्यांचा व्हिसा मोजला जातो. पूल समुद्रातून जातो, आणि त्याच्या मध्यावर भराव घालून केलेलं बेट आहे. शिक्के मारायची जागा तीच. मशीद आहे, खायची दुकानं आहेत, चार झाडं आहेत.

गेल्या शुक्रवारी माझी मुदत संपत होती. शिक्क्याच्या रांगेआधी आम्ही असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला तिथे उतरलो. नमाज झाली. युनुस म्हणाला, बाबा, मी मेहेकला ज्यूस घेऊन देतो, तुम्ही गाडीपाशी या. मी गाडीपाशी गेलो नाही. मशिदीमागे गेलो. तिथे दगड आहेत, दगडांवर पाणी आपटतं, आणि तो वास, उमा, आपल्या खाडीच्या तोंडाशी भरतीला येतो तोच. मी बसलो.

वेळ गेला. कळलं नाही असं लिहिणार होतो, पण कळलं. युनुसची हाक पहिल्यांदा आली तेव्हाच कळलं. तो दुकानांत शिरताना दिसला, हातपाय धुवायच्या वजूच्या जागेत शिरताना दिसला. मग तो पळू लागला. माझा मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, मी त्याला शाळेनंतर पळताना पाहिला नव्हता. एकदा तो माझ्यापासून तीस हातांवर येऊन उलट फिरला. मी हाक दिली नाही. डोक्यात एवढाच हिशेब होता, की आज शिक्का झाला नाही तर मुदत संपेल, मुदत संपली की हे लोक मला ठेवून घेणार नाहीत, आणि घेणार नाहीत तर मग घरी. (कायदा तसा नाही, हे मला नंतर समजलं. उलट युनुसलाच त्रास झाला असता. अर्धवट वाचणाऱ्यांचं हे असंच.)

शेवटी एक जवान पोरगा, तटरक्षक, दगडांवर आला. म्हणाला, या हाजी, यल्ला, चला उठा, इथे बसायला मनाई आहे. त्याला वाटलं मी गळ टाकून बसलोय. माझ्या दोन्ही बाजूंना वाकून त्याने मासे शोधले. मग हाताला धरून ऑफिसात नेलं, पाण्याची बाटली दिली, खुर्ची दिली. युनुस आला तर त्याला सगळ्यांसमोर चांगला झापला. अरबी मला बेताचं येतं, पण वालिद म्हणजे बाप एवढं येतं. म्हाताऱ्या बापाला असं एकट्याला सोडून फिरतोस का, असं तो म्हणत होता. युनुस मान खाली घालून ऐकत होता. मेहेक रडून रडून उचक्या देत होती. मी खुर्चीवर बसून पाणी पीत होतो.

तुला ठाऊक आहे, हफीजा गेली तेव्हा युनुस तिसऱ्या दिवशी पोचला. आमच्यात मयत ठेवत नाहीत. त्याला फक्त ओली माती मिळाली. तेव्हापासून तो मला नजरेआड करत नाही. जो पोरगा आईच्या वेळी पोचला नाही म्हणून बापाला धरून बसलाय, त्याला बापाने कोणत्या तोंडाने सांगावं, की मला सोड, मला तिच्याच शेजारी जायचंय? आणि इथे माझं काही झालं तर इथलीच माती, इथली माणसं चांगली आहेत, माती मात्र ओळखीची नाही.

शिक्का झाला. बिर्याणी खाल्ली. बरी होती.

तुझा,
नसरुद्दीन

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू युनुसला एक पत्र लिही. म्हणावं, घराच्या मागच्या पडवीची भिंत खचली आहे, जमिनीची मोजणी निघाली आहे, मोजणीदार म्हणतो मालक समक्ष हवा, बाबांना ताबडतोब पाठव. तू चाळीस वर्षं पोस्टमास्तर होतास, तुझ्या अक्षरावर सरकारचाही विश्वास बसतो. आजारपण कुणाचंही लिहू नकोस, तो स्वतःच विमानात बसेल.

ता. क. दुसरा. हे पत्र शेजारचा हनीफ नेतो आहे. तो सुट्टीवर निघाला की चार घरांची पुडकी त्याच्या सामानात जातात, तशी आमचीही जातात. खजुराचा डबा वहिनींना दाखवू नकोस.

ता. क. तिसरा. रविवार. पत्र पुडक्यात घालायला युनुसकडे दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं असं मी त्याला म्हणालो. तुला खरं सांगतो, मी ते मुद्दामच चिकटवलं नव्हतं. त्याने स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, सगळं, मागून पुढून. मग माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, मी तीस हातांवर आलो तेव्हा तुम्ही मला बघत होता? मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, भिंतीचं खोटं काकांना लिहायला लावू नका, त्यांचं वय झालंय, पुढच्या महिन्यात रजा टाकतो, मीच सोडायला येतो. मी विचारलं, परत न्यायला? त्यावर तो उठला आणि त्याने पत्राची घडी आपल्या हाताने घालून पाकिटात ठेवली. पाकीट मला परत दिलं म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा भिंत राहू दे, मोजणी राहू दे. पोराच्या काळजाचा तुकडा तोडून मी तिकडे यायचं, तर तिकडे रिकाम्या घरात येऊन उपयोग नाही. तुला मी तिथे हवा आहे का, एवढंच खरं लिही. नको असेन तर तसंही लिही, मी इथे राहीन, पुलावरून जाऊन येईन. हनीफ वीस दिवसांनी परत निघेल, त्याच्या हाती उत्तर दे. पण वीस दिवसांची वाट बघू नकोस, तो आला त्याच संध्याकाळी लिहायला बस.