खोक्यावर न आलेला नंबर

४ जून

ती. बाबा,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुम्ही फोनच उचलत नाही म्हटल्यावर लिहिण्यावाचून काय उरलं? गेला महिनाभर दर रविवारी लावते. रिंग जाते, जातच राहते. आमच्याकडे राहायला या म्हटल्याचा एवढा राग? पण सत्तरीच्या माणसाने एकट्याने शिडीवर चढून टाकी धुवायची आणि मुलीने गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

माझं काम तेच. तारेजवळ वीज पडली की जो झटका फोनमधून घरात शिरतो, तसा झटका प्रयोगशाळेत तयार करायचा, फोनला जोडायच्या यंत्रांना द्यायचा आणि ती टिकतात का बघायचं. तुमचे जावई सगळ्यांना सांगतात, बायको पगार घेऊन मोडतोड करते.

राग असू द्या, पण फोन उचला.

तुमची वाट बघणारी,
गोटी

९ जून

चि. गोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चक्रावलो. फोन माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे. महिनाभर तो एकदाही वाजलेला नाही. तार आणि फोन यांच्या मध्ये समोरच्याचा नंबर दाखवणारा खोका तूच बसवून घ्यायला लावलास. त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे, पण तुझा नंबर त्यावर एकदाही आलेला नाही. रोज रिसीव्हर उचलून बघतो, टोन असतो. एकतीस वर्षं लाइनमन होतो, चालू फोन मला कळतो.

मग मी काय समजायचं? फोन केला नसशील तर नसशील. लहानपणी रुसलीस की दार लावून बसायचीस, पण खोटं कधी बोलली नाहीस. मी का केला नाही म्हणशील, तर मी मोठा आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती काही खोक्यावर दिसत नाही.

बाबा

१४ जून

ती. बाबा,
शि. सा. न.

खोटं? मी? डोळ्यांत पाणीच आलं. ह्यांना शेजारी बसवून परत लावला, रिंग त्यांनीही ऐकली. रागावू नका, पण कान एकदा दाखवून घ्या. वयाने होतं असं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरं काही मला सुचत नाही.

तुमच्या शिव्या ऐकायलाही तयार असलेली,
गोटी

१८ जून

चि. गोटीस,
अ. उ. आ.

कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, शाबूत आहेत. आता तूच सांग, दोघांपैकी कोणाचं डोकं दाखवायचं?

बाबा

२२ जून

ती. बाबा,
शि. सा. न.

आधी खोका काढा. पत्र नंतर वाचा.

काल तुमच्याकडच्यासारखाच एक खोका माझ्या टेबलावर आला, नवीन तुकडीतला. आमच्या नियमात झटके दोन प्रकारचे. सौम्य झटका खाऊन यंत्र चालू राहिलंच पाहिजे. जबरदस्त झटक्यात मेलं तरी चालतं, पण मेल्याचं घरातल्या माणसाला कळलं पाहिजे. काल मोठा झटका दिला. धूर नाही, ठिणगी नाही, दिवा हिरवा, टोनही आला. पास लिहायला पेन उचललं आणि का कोण जाणे, बाजूच्या फोनवरून त्याला रिंग दिली. माझ्या कानात रिंग वाजत होती आणि खोक्याला जोडलेला समोरचा फोन मुका. नंबरही उमटला नाही.

तुमच्याकडे मे महिन्यात वीज पडली होती का?

पुढचं लिहायला हात धजत नाही. गेल्या वर्षी हा खोका पास केला, त्या अहवालावर सही माझी आहे. तेव्हाही टोन बघितला, रिंग बघितली नाही. साहेब म्हणाले, नियमात रिंगचा शब्द कुठे आहे? नाही, खरंच नाही. तरी आज सही मागे घेतल्याचं लेखी दिलं. बरोबर केलं की मूर्खपणा, काही कळेनासं झालंय. तुम्हाला बहिरं ठरवलं त्याची माफी कशी मागू?

गोटी

३० जून

चि. गोटीस,
अ. उ. आ.

खोका काढल्यावर फोनवर बोललो तरी हे लिहूनच सांगायचं होतं. मेमध्ये मागच्या खांबावर वीज पडली होती. फोन लावणाऱ्याच्या कानातली रिंग एक्स्चेंज देतं, आपला फोन नाही, हे मला माहीत होतं. तरी पोटच्या पोरीला खोटारडी म्हणालो. माफी मी मागायला हवी.

कंपनी खोके परत घेणार आणि तुला मात्र टेबलावरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं, हा न्याय माझ्या डोक्यात शिरत नाही. पण सही मागे घेतलीस ते बरोबर केलंस.

काल पेचकस घेऊन आमच्या गल्लीत घरोघर गेलो. सहा खोके मेलेले निघाले, सगळ्यांचे दिवे हिरवे. शेवटचा कोपऱ्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. त्यांचा मुलगा परदेशात. पावणेदोन महिने फोन नाही म्हणून सकाळीच त्यांनी त्याला पत्र टाकलं होतं, की आता येऊही नकोस. मी खोक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी नंबरांची वही माझ्याकडे सरकवली. मीच नंबर फिरवला. पलीकडून तो ओरडलाच, आई, अगं आहेस कुठे, मी तिकीट काढलंय.

रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन मी जिन्यात येऊन उभा राहिलो. पावणेदोन महिने आम्ही सगळे नक्की कोणावर रागावलो होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा