अक्कांच्या घरचा गेटवे

३ फेब्रुवारी
प्रणीत, बस कर आता. बेंगळुरूत मराठी घर मिळणार नाही म्हणून स्वतःचंच डोकं खात होतास ना? मिळालं. चामराजपेटमध्ये, माडीवरची खोली. घरमालकीण सकवारबाई, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं घराणं. मराठी अशी कानडी मिसळलेली, की स्वल्प थांब, चहा टाकते, सरी? मजाच. साताऱ्याहून सीपीयू मांडीवर घेऊन बसमधून आलो, त्याचं चीज झालं.

४ फेब्रुवारी
नेट लागलं. गेटवे खाली देव्हाऱ्याशेजारी आहे. अक्कांच्या मुलानं, यशोवर्धननं बसवलेला. तो दोन वर्षांपूर्वी पीण्या औद्योगिक वसाहतीतून येताना अपघातात गेला. घरातलं सगळं नेट त्या पांढऱ्या डब्यातूनच येतं-जातं. अक्कांनी आधी डब्याला हळदकुंकू वाहिलं, मग माझ्या कॉम्प्युटरची वायर जोडू दिली.

पहिला व्हिडिओ कॉल आईला. बाबा गेल्यापासून ती एकटी आहे, मी दिसल्याशिवाय जेवत नाही. अक्का मध्येच डोकावल्या. आई सगळ्यांना म्हणते तेच म्हणाली, "आता तुमचाच मुलगा समजा."

अक्का हसल्या नाहीत. "दिला म्हणा."

"दिला बाई, दिला." आईला हसू आवरेना.

अक्कांनी माझ्या तोंडात साखर घातली. म्हणाल्या, आमच्यात पोटचं पोर टिकत नाही, घर दत्तकावरच चालत आलंय. गोड आहे म्हातारी.

७ फेब्रुवारी
आईनं विचारलं, दाढी कधी वाढवलीस? मला दाढी नाहीये. माझ्या स्क्रीनवर तर मी नेहमीसारखाच दिसत होतो. खाली यशोवर्धनचा फोटो आहे. त्याला आहे.
कॅमेरा गंडला असेल.

१० फेब्रुवारी
आज आई मला अहो-जाहो करत होती. मी ओरडलो, आई, मी प्रणीत. म्हणाली, छान नाव आहे. जेवलीस का विचारलं, तर हो, आता वेळेवर जेवते, कुणाची वाट बघायची नसते.
खाली जाऊन गेटवेची वायर उपटली. वर आलो तर कॉल चालूच. आई अजून बोलतेय. माझ्याशी नाही —

११ फेब्रुवारी
रस्त्यावर जाऊन मोबाईलच्या नेटवरून आईला फोन लावला. म्हणजे मध्ये तो डबा नाही, काही नाही. आई म्हणाली, "मला एक मुलगा होता. दिला मी." आणि फोन ठेवला.

अक्कांना म्हटलं, मला परत द्या. तिला फोन करून सांगा, परत दिला म्हणून. त्या घेवडा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिलेलं परत जात नाही, यशू."

मी ओ दिली. का दिली —

१२ फेब्रुवारी
बॅग भरली. कॉम्प्युटर राहू दे इथेच. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो की ओळखेल. ओळखायलाच —
आई दारात ताट घेऊन उभी आहे. जेवून जा म्हणेल.
आई नाही. अक्का. अक्का.
तिनं तोंड उघडायच्या आत निघतो. ऑटो खाली थांबलाय. साताऱ्याला जायचंय, तिथे माझी... माझी कोण —